न खोचलेली काडी

साखरशेतहून जव्हारला निघालेल्या जीपमध्ये त्या सकाळी चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि नाचणीचं एक पोतं होतं. रुपी मधल्या बाकावर कशीबशी टेकली होती. वळणावर तिचा स्कार्फ सुटला, खिडकीतून वारा घुसला आणि तिचे मोकळे केस मागे बसलेल्या माणसाच्या तोंडावर गेले.

"सिस्टर," मागून आवाज आला, "केस आवरा. एक गिळला मी."

सगळी जीप हसली. रुपी उपकेंद्रात नर्स होती. त्या वाटेवर लहानथोर तिला सिस्टरच म्हणत. तिने रागाने मागे वळून पाहिलं. तिच्याच वयाचा कोणी तरी. चेहरा गरीब, डोळे मात्र खट्याळ.

"तोंड मिटून बसायचं ना, दादा!"

"मिटलं असतं… पण बघतच राहिलो. केसांकडे," तो घाईने म्हणाला. "मुळाशी कुरळे, टोकाशी सरळ. अर्धे आपल्या बोलीत बोलतात, अर्धे इंग्रजीत."

रुपीने स्कार्फ घट्ट आवळला. जव्हार येईपर्यंत ती खिडकीबाहेरच बघत होती. उतरताना मात्र त्यानेच सांगितलं, "मी धनेश. स्टँडाच्या मागे माझं केसांचं दुकान आहे. या कधी. कात्री लावल्याशिवाय बोलू नुसतं."

एके काळी बाजाराच्या दिवशी न्हावी झाडाखाली गोणपाट अंथरून बसायचा आणि बाईमाणूस तिकडे मान वळवून बघायचंही नाही. केस आईने विंचरायचे, आईनेच बांधायचे. रुपीचेही लहानपणी तिच्या आईने, चिमीनेच सांभाळले. चिमी फणी लावतच नसे. मोहाचं तेल तळहातावर घेऊन ती बोटांनीच एकेक बट सोडवायची आणि म्हणायची, "माझ्या आईचे केस हायेत हे. यांना ओढायचं नाय, समजवायचं."

मग रुपी आश्रमशाळेत गेली. तिथे उवा होतात म्हणून दर महिन्याला केस भादरले जायचे. पुढे नाशिकला नर्सिंगला गेली, तर मैत्रिणी म्हणायच्या, "सुगरणीचा खोपा आला!" शेवटी एका पार्लरमध्ये तापलेल्या यंत्राने तिने ते सरळ करून घेतले. गावी आली तेव्हा चिमीने केसांतून एकदाच हात फिरवला आणि गप्प राहिली. त्या गप्प राहण्यापुढे मैत्रिणींचं हसणं काहीच नव्हतं. त्या दिवसापासून रुपी केस पुन्हा वाढवत होती. तिला ते परत हवे होते, आईच्या आईचे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ती धनेशच्या दुकानात गेलीच. पुढे पुरुषांची खुर्ची, पडद्यामागे बायकांची.

"सगळे कापणार नाही मी," तिने आधीच बजावलं. "शाळेत पुष्कळ भादरून घेतलेत."

"कोण म्हणतं कापा? महिन्याला दोन बोटं टोकं उतरवू. वरून कुरळे येतील, खालून सरळ जातील. वर्ष लागेल…" त्याने आरशातून पाहिलं. "घाई आहे का?"

"नाही," ती म्हणाली, आणि उगाचच तिचे कान तापले.

त्याने पाणी फवारलं, बोटांनीच गुंता सोडवला. कुठे हिसका नाही, ओढ नाही. मग एकेक बट सुटी धरून तो कात्री चालवू लागला. रुपीला अंगणातली चिमीची बोटं आठवली.

"कुठे शिकलात, दादा?"

"कात्री ठाण्यात. केस मोखाड्यात. तिथे माझा बा नवसू टोपल्या विणतो. तो म्हणतो, काडी वळते तिकडेच वळवावी, नाही तर मोडते. आणि एक सांगू? दादा म्हणू नका. हात थरथरतो."

"बरं… धनेशभाऊ."

"हे तर त्याहून वाईट!"

तेव्हापासून दर महिन्याला दोन बोटं. डोकं टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, बापाचं जुनं सुती बनियन गुंडाळायचं, असं त्याने सांगितलं. रुपीने खरंच बापाचं बनियन पळवलं आणि घरात आठवडाभर शोधाशोध झाली. ते ऐकून धनेश इतका हसला की त्याला कात्री खाली ठेवावी लागली.

एकदा दुकानाच्या कोपऱ्यात नवी टोपली होती. काठाची एक काडी तशीच बाहेर आलेली.

"ही खोचायची राहिली?"

"राहिली नाही. बाची खोड आहे ती. गिऱ्हाईक स्वतः आल्याशिवाय शेवटची काडी खोचत नाही. म्हणतो, घेणारं माणूस समोर नसेल तर टोपली पुरी झाली असं कोणी म्हणायचं?"

मोह फुलला, पेरण्या झाल्या, भात पिवळं पडलं. सरळ टोकं कमी होत गेली आणि रुपीच्या मनात भलतीच धाकधूक वाढू लागली. टोकं संपली की यायचं कशाला?

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या आदल्या दिवशी त्याने तिच्या डोक्यामागे आरसा धरला. खांद्यापर्यंत दाट, काळे, वळणावळणाचे केस.

"झालं," तो म्हणाला. "आता सहा महिने यायची गरज नाही."

रुपी थांबली. तो कात्री पुसत राहिला. पुसलेली कात्री पुन्हा पुसली.

"येते मग," ती म्हणाली.

"या."

या! वर्षभर बडबडणाऱ्या माणसाला दुसरा शब्द सापडला नाही? आठवडाभर ती कामावर अंबाडा करकचून बांधून गेली.

रविवारी चिमी तिला अंगणात तेल लावायला बसली. बोटं मानेपाशी आली आणि थांबली.

"ही एक कशी राह्यली गं?"

मानेजवळ, सगळ्या कुरळ्यांच्या आत दडलेली, नाचणीच्या काडीएवढी बारीक बट. लांब. सरळ.

"विसरला असेल," रुपी पुटपुटली.

"बरोबर मधोमध? नीट आत दडवून?" चिमी म्हणाली. "न्हावी हाय का कोण हाय तुझा?"

रुपीला टोपली आठवली, आणि ती उठूनच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बाजार नव्हता. दुकानात धनेश एकटाच होता. ती खुर्चीत बसली नाही, उभ्यानेच केस वर उचलून म्हणाली, "काम अर्धवट ठेवलंस."

तो तिच्या 'ठेवलंस'कडे बघतच राहिला.

"अर्धवट नाही… गिऱ्हाईक परत यावं म्हणून…"

"आणि मला दिसलीच नसती तर?"

"रोज हीच भीती होती. कात्री घेऊन साखरशेतला आलो असतो."

"कुत्रं सोडलं असतं आईने."

"चावून घेतलं असतं." मग हळूच म्हणाला, "रुपी, तोंडाने सांगायला जमेना गं. हाताने सांगितलं."

तिने केस खाली सोडले. त्याने कात्री उचलली.

"कापू?" त्याने विचारलं.

"इथे नाही. भात झोडून झालं की तुझ्या बाला घेऊन घरी ये. माझ्या आईसमोर काप."

भात झोडून झालं. साखरशेतच्या जीपमध्ये धनेशशेजारी नवसू नवी टोपली मांडीवर घेऊन बसला. तिच्या काठाची एक काडी बाहेर होती. फाट्यावर रुपी स्कार्फ न बांधताच त्यांना घ्यायला आली होती.

घरी अंगणात चिमीने टोपली हातात घेतली, फिरवून पाहिली आणि काडी नवसूसमोर धरली.

"खोचा," ती म्हणाली. "माणसं आलीत."