शुक्रवारची अर्धी रजा

वाळूजच्या ठिबक नळ्यांच्या कारखान्यात संस्कृतीचं टेबल जिन्याखाली होतं. कारखान्याच्या संगणकावर कुणाला कोणती माहिती दिसावी हे ठरवणारी मुलगी स्वतः कुणालाच दिसत नसे. म्हणूनच एका दुपारी विश्वजीतनं निथळता रेनकोट तिच्या खुर्चीमागच्या खुंटीला अडकवला, आणि मग खुर्चीत कुणीतरी आहे हे पाहिलं. तिच्या खांद्यावर थेंब पडले. तो सॉरी म्हणाला... आणि तिथंच उभा राहिला.

विश्वजीत पाचोड भागाचा विक्री प्रतिनिधी. मुख्य कार्यालयात त्याचं काम क्वचितच असे. पण त्यानंतर तो आपला पासवर्ड वारंवार विसरू लागला. तीही दरवेळी नवा पासवर्ड असा काही देई, की तो विसरलाच पाहिजे.

एकदा मात्र तो पासवर्ड लक्षात ठेवून आला. चेहरा गंभीर.

“मॅडम, रजांच्या व्ह्यूमधी मला सगळ्यांच्या रजा दिसतात.”

“शक्य नाही. ज्याला त्याला स्वतःचीच ओळ दिसते. मी बनवलाय तो.”

“लई चांगला बनवलाय. गोकुळरावांच्या सासूबाई पुन्हा वारल्यात.”

तिनं त्याच्या नावानं आत शिरून पाहिलं. खरंच सगळं उघडं होतं. व्ह्यू म्हणजे माहितीकडे बघायची खिडकी. ही खिडकी बघणाऱ्याचा अधिकार तपासत नव्हती, ती बसवणाऱ्याचा तपासत होती. आणि बसवणारीला तर सगळंच बघायची मुभा होती.

संस्कृतीचे कान तापले. चुकीमुळे कमी, आपलीही ओळ त्यात आहे हे आठवल्यामुळे जास्त.

“माझी वाचलीत?”

त्याच्या घरानं दोन पिढ्या बाजारात बैल विकले होते. खोटं बोलणं त्याला जड नव्हतं.

“व्हय,” तो म्हणाला. “शुक्रवार, अर्धा दिवस. मुलाकडचे पाहुणे येणार.”

“मग मला सांगितलंत कशाला? गप्प बसला असतात तर पुढचंही वाचायला मिळालं असतं.”

“पुढचं वाचायचं नाय मला...” त्यानं हातातली टोपी पिळली. “विचारायचंय.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. कीबोर्ड ओढला आणि खिडकीला बजावलं, की इथून पुढं समोर जो उभा असेल त्याचाच अधिकार तपासायचा. मग पुन्हा त्याच्या नावानं आत शिरली. पडद्यावर फक्त त्याची पोळ्याची रजा उरली.

खुर्ची वळवून ती म्हणाली, “आता तुम्हाला माझं काहीच दिसत नाही. आता विचारा.”

“पोरगा... पसंत हाय का?”

“अजून बघितला नाही.”

“मग बघू नका.” आपण काय बोललो हे त्याला बोलल्यावर कळलं. पण माघार घ्यायला तो आलाच नव्हता. “त्याच्याऐवजी मला बघा.”

जिन्यावरून कुणीतरी धाडधाड उतरून गेलं. ती थांबली, आवाज विरेपर्यंत.

“रजा मी रद्द करणार नाही. साहेबांनी मोठ्या मुश्किलीनं मंजूर केलीय.”

त्यानं मान हलवली आणि खुंटीवरचा रेनकोट काढू लागला.

“पाहुणे बदलते,” ती म्हणाली. “आईला आज सांगेन. त्या लोकांनाही मीच कळवेन. तुम्ही घरच्यांना घेऊन तीनला या... आणि उशीर करू नका. अर्धीच रजा आहे.”