भरल्या डिस्कला कुंकू

ही गोष्ट ज्याची, तो माऊली अजून किकवीतच राहतो. भोरला त्याचा फोटो स्टुडिओ आहे. खोटं वाटत असेल तर जा आणि विचारा. आधी चहा पाजेल, मग सांगेल. पण संध्याकाळी सहाला त्याच्या घरी जाऊ नका. मी एकदा गेलो होतो, तेवढं पुरे झालं.

गेल्या दसऱ्याचा दिवस. भर दुपार. घरात माऊली आणि त्याची आई फुलाबाई, दोघंच.

माऊलीचा धाकटा भाऊ कुमार त्याच्या आदल्या उन्हाळ्यात हायवेवर अपघातात गेला. लग्नांची शूटिंग करायचा. कायम कॅमेऱ्यामागं उभा, म्हणून त्याचा स्वतःचा धड फोटोसुद्धा नाही. आणि फोटो असता तरी काय? फुलाबाईंची नजर काचबिंदूनं कधीच गेली होती.

राहिला होता फक्त आवाज.

घरातल्या कुमारच्या कॉम्प्युटरवर त्याचा आवाज असलेला एकच व्हिडिओ होता. फुलाबाई अंगणात तांदूळ निवडतायत, आणि मागून कुमार म्हणतो, "आये, हितं बघ की."

माऊली रोज सहाला तो लावायचा. मगच आई दोन घास खायची.

त्याच दिवशी सकाळी कॉम्प्युटरची हार्ड डिस्क वाजायला लागली.

टक... टक... टक...

असा आवाज आला की डिस्कची शेवटची घरघर लागली समजायचं. आधीच कॉपी करून ठेवायला काय झालं होतं, असं मीही त्याला विचारलं. म्हणाला, "उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो." आपण सगळे हेच करतो.

नशिबानं कुमारनं एकसारख्या दोन डिस्क घेतल्या होत्या. दुसरी अजून पाकिटातच होती. विंडोजसकट सगळं जसंच्या तसं उचलून नवीवर टाकायचं, एवढंच काम. त्यासाठी माऊलीनं आपल्या स्टुडिओच्या दुकानातनं दोन खाचांची डबी आणली. पहिल्या खाचेत भरलेली डिस्क, दुसरीत कोरी, आणि बटण दाबायचं. पडदा नाही, काही नाही, नुसते चार दिवे, काम पुढं सरकेल तसा एकेक लागतो. चुकून उलट्या लावल्या तर मात्र सगळं पुसलं जातं.

म्हणून दुकानात कुमारचा नियम होता. भरलेल्या डिस्कला आधी कुंकवाचं बोट लावायचं. आणि बटण दाबण्याआधी तो विचारायचाच, "दादा, कुठून कुठं?"

माऊलीनं बोट दाखवून सांगायचं, "हितून तितं." दर वेळी हे नाटक कशाला, म्हणून माऊली वैतागायचा.

त्यानं दोन्ही डिस्क टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. तेवढ्यात शेजारच्या आनंदरावांनी हाक मारली. गाडीला हार बांधायचा होता. पाच मिनिटांत माऊली परत आला.

एका डिस्कला कुंकू लागलेलं होतं.

"लावलं वाटतं म्या," असं मनाशी म्हणत त्यानं ती पहिल्या खाचेत घातली. डोकं ठिकाणावर नव्हतं.

त्या दिवशी विचारायला कोणी नव्हतं...

त्यानं बटण दाबलं.

पहिला दिवा लागला. बऱ्याच वेळानं दुसरा, मग तिसरा. माऊलीचा जीव भांड्यात पडला. आईला सांगायला तो आत गेला. फुलाबाई पूजेचं ताट आवरत होत्या.

"माऊली, दसरा हाय म्हनून तुज्या त्या नव्या वस्तूला कुंकू लावलं बरं का. वासावरनं वळाकली, कोरी हाय ते."



बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

टक... टक...

तो धावला. आवाज दुसऱ्या खाचेतून येत होता.

त्यानं वायर ओढली, तेव्हा तिसरा दिवा लागून गेला होता. दोन्ही डिस्क आलटूनपालटून कॉम्प्युटरला लावून पाहिल्या. दोन्ही कोऱ्या. पुण्यात फोन लावले. सणाची सुट्टी. एकानं उचलला आणि म्हणाला, "वरून लिहिलं गेलंय हो. आता देव आला तरी निघायचं नाही."

माऊली तोंडात टॉवेल कोंबून रडला. आईला आवाज जाऊ नये म्हणून.

सहा वाजले.

"लाव रं," म्हणत फुलाबाई येऊन बसल्या.

कॉम्प्युटरमध्ये नवी, कोरी डिस्क होती. खरं सांगायला तोंड उघडेना. आणखी दोन मिनिटं मिळावीत म्हणून त्यानं बटण दाबलं...

आणि तो चालू झाला.

पडद्यावर कुमारचं नाव. त्यानं लावलेलं राजगडाचं चित्र. सगळे फोल्डर जागच्या जागी.

माऊलीनं रडत रडत व्हिडिओ लावला.

अंगण आलं. सूप आलं. बांगड्या वाजल्या, कोंबडी ओरडली.

आता म्हणेल... आता म्हणेल...

काहीच नाही.

व्हिडिओतल्या फुलाबाई मान वर करून हसल्या, कोणाला तरी "व्हय रं" म्हणाल्या. पण कुमारचा आवाज जिथं होता, तिथं नुसती शांतता होती. माऊलीनं तीनदा मागं नेऊन लावलं.

तेवढ्यात शेजारून आई म्हणाली, "बघतीया की रं, हितंच बघतीया."

तिचं तोंड कॉम्प्युटरकडं नव्हतं. दाराकडं होतं.

दारात कोणी नव्हतं.

"माऊली, त्यो तुला इचारतोय. 'दादा, कुठून कुठं?' म्हंतोय. सांग की त्याला."

चूक झाल्याचं माऊलीनं कोणाला सांगितलं नव्हतं. आणि दुकानातले ते बोल आईच्या कानावर कधी पडलेच नव्हते.

तो कॉम्प्युटर त्या दिवसापासून बंद आहे. मी गेलो त्या संध्याकाळी फुलाबाई दाराकडं तोंड करून बोलत होत्या, थांबत होत्या, हसत होत्या. आता दोन भाकरी खातात म्हणे. माऊली त्यांना चिकटून बसला होता, कान देऊन. त्याला काहीच ऐकू येत नाही.

"कुमार, निदान एक शिवी तरी घाल रं मला," तो म्हणाला.

"त्यो अजून त्येच इचारतोय," फुलाबाई म्हणाल्या. "तू सांगंना झालाईस."

माऊलीनं बोट उचललं. त्या बंद कॉम्प्युटरकडं दाखवून म्हणाला, "हितून..."

मग ते बोट तसंच हवेत राहिलं. पुढं कुठं दाखवायचं, ते त्याला कळेना.