सिस्टर एल्सीची चौकट

ही गोष्ट खरी आहे.

खोटीच सांगायची असती तर मी दुसऱ्या कोणाच्या तरी मावशीची सांगितली असती. ही माझ्या सख्ख्या मावशीची आहे. राणीमावशी. तिने स्वतः शंभर पानी वहीत लिहून दिलीय मला. तोंडी का नाही सांगितली, ते पुढे येईलच.

आणि यात अमावस्या, पिंपळ, रात्रीचे बारा असलं काही शोधू नका. सगळं भर दिवसा घडलं. फेब्रुवारी १९९९. मंगळवार. शाळा सुटायची वेळ, साडेचार.

गाव जवळा बाजारपासून पाच किलोमीटर. नाव सांगत नाही. तिथं मिशनवाल्यांनी इंग्लिश मीडियमची शाळा काढली होती, पहिली ते चौथी. पत्र्याच्या चार खोल्या, एक ऑफिस, पुढे व्हरांडा, मागे पाण्याची टाकी. शाळेत ख्रिश्चन मोजून दोन. एक हेडमास्तरीण सिस्टर एल्सी, दुसरी भिंतीवरची मेरीमाता. बाकी सगळी पोरं गावातलीच.

राणीमावशी दुसरीला शिकवायची. तिचं स्वतःचं सगळं शिक्षण मराठीत. रात्री गाईड पाठ करायची आणि सकाळी पोरांना म्हणून दाखवायची. तिची पोरगी आकांक्षा तिच्याच वर्गात. सात वर्षांची. अखंड बडबड. जेवताना बोलायची, आंघोळ करताना बोलायची, झोपेत बोलायची. मावशी वैतागून म्हणायची, "अक्कू, जराशी गप बस गं, माय."

हे वाक्य मावशीनं वहीत लिहिलंय... आणि मग खोडलंय.

सिस्टर एल्सी केरळच्या. बाई मायाळू. कोणाला ताप आला तर स्वतः कपाळावर पट्ट्या ठेवायच्या. पण एकच खूळ, इंग्रजी. जानेवारीत त्यांनी एका फुटक्या पाटीची लाकडी चौकट घेतली आणि तिला सुतळी बांधली. नियम असा की, शाळेच्या आवारात जो मराठी बोलेल त्याच्या गळ्यात चौकट. ती काढायची तर दुसऱ्या कोणाला तरी मराठी बोलताना पकडायचं आणि आपल्या हातानं त्याच्या गळ्यात घालायची. शेवटच्या घंटेला जिच्या-ज्याच्या गळ्यात असेल त्यानं व्हरांडा झाडायचा.

पहिले पंधरा दिवस नुसती धमाल.

एका पोराला गांधीलमाशी चावली. ओठ भज्यासारखा सुजला. पण पठ्ठ्या मराठी बोलेना. ग्राउंडभर ओरडत पळाला, "टीचर! फ्लाय! यलो! व्हेरी अँग्री!"

माणिकराव शिपायालाही सूट नव्हती. तो बिचारा चौकट घालूनच घंटा वाजवायचा. एकदा त्याचे व्याही शाळेत भेटायला आले. माणिकराव उठला, हात जोडले आणि घाबरून म्हणाला, "मे आय कम इन?"

व्याही आल्या पावली परत गेले.

खुद्द सिस्टरच्या पायावर टेबल पडलं तेव्हा त्या मल्याळममध्ये किंचाळल्या. पोरं मोठ्या आशेनं चौकट घेऊन धावली. पण मल्याळम चालतं, असा निकाल लागला. निकाल सिस्टरनीच दिला.

तर मंगळवार.

साडेचारची घंटा झाली. चौकट गोळा करायचं काम मावशीकडे. तिनं विचारलं, चौकट कुठंय?

कोणाच्याच गळ्यात नव्हती.

याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून तिच्याकडे, असं विचारत विचारत गाडी आली तिसरीतल्या प्रियदर्शनीवर. किशनराव पाटलांची नात.

"प्रियदर्शनी, व्हेअर इज चौकट?"

"आय गिव्ह दॅट गर्ल, टीचर."

"विच गर्ल?"

"दॅट... टाकी बिहाइंड."

मावशीनं इकडंतिकडं बघितलं. सिस्टर ऑफिसात होत्या. "मराठीत सांग. मी काय म्हणणार न्हाई."

प्रियदर्शनी जवळ सरकली. "टीचर, टाकीच्या मागं एक पोरगी बसलेली. नवी. पाढे म्हणून राहिली होती, मराठीत. म्हणून म्या तिच्या गळ्यात घातली."

"कोणत्या वर्गातली?"

"काय की. साडेतिनाचा पाढा म्हणत होती."

शाळेत पाढे दहापर्यंत, तेही इंग्रजीत. साडेतिनाचा पाढा मावशीच्या आज्याला यायचा. मावशीलासुद्धा येत नव्हता.

"मग? घातल्यावर काय म्हणली ती?"

"कायच न्हाई, टीचर. तोंड हलत होतं तिचं... पण आवाजच बंद झाला."

मावशी टाकीमागं जाऊन आली. कोणी नव्हतं. पटावर सत्त्याण्णव पोरं. गेटात उभं राहून तिनं एकेक मोजलं.

सत्त्याण्णव बाहेर गेली.

चौकट नाही.

बुधवारी सकाळी सगळ्या शाळेला खबर होती. आणि नियम पोरांना सिस्टरपेक्षा जास्त पाठ होता. चौथीतला एक जण डबा खाताना हळूच म्हणाला, "शी हॅव चौकट. नाऊ शी... कॅच वन."

म्हणजे तिला आता कोणाला तरी पकडावंच लागणार होतं.

त्या दिवसापासून शाळेत मराठीचा एक शब्द निघाला नाही. मधल्या सुट्टीत सत्त्याण्णव पोरं ग्राउंडवर... आणि आवाज फक्त चपलांचा.

सिस्टर एल्सी आनंदानं वेड्या व्हायच्या बाकी राहिल्या. त्यांनी मोठ्या कॉन्व्हेंटला पत्र लिहिलं. किशनराव पाटील पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. "सिस्टर, कमाल केली तुमी! आमची नात झोपेत बी इंग्रजी बोलून राहिली!"

मंगळवारपासून ती पोरगी अंथरूण ओलं करत होती, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी मावशीनं पहिल्यांदा तो आवाज ऐकला.

चौकट घालून चाललं की लाकूड शर्टाच्या बटणावर आपटायचं. टक... टक... महिनाभर शाळा तो आवाज ऐकत होती. कोणालाही झोपेत ओळखू आला असता.

तिसरा तास. सगळे वर्गात. व्हरांडा रिकामा.

टक...

टक...

पहिलीच्या दारासमोरून आला. मग दुसरीच्या दाराशी थांबला.

दार उघडं होतं. उन्हाचा चौकोन आत पडलेला. त्यात सावली नाही, काही नाही.

मागच्या बाकावरून कोणीतरी एकदम ओरडलं, "धिस इज अ काऊ!"

आणि सगळा वर्ग सुरू झाला. "धिस इज अ काऊ! द काऊ गिव्ह्ज मिल्क!" पोरं डोळे मिटून, रिकाम्या दाराकडं तोंड करून, जिवाच्या आकांतानं गाय सांगत होती. आकांक्षा सगळ्यात मोठ्यानं. मावशी पण ओरडत होती.

शेजारच्या वर्गातून सिस्टरनी टाळ्या वाजवल्या. "व्हेरी गुड, सेकंड स्टँडर्ड!"

टक... टक... आवाज पुढं गेला.

सोमवारी खेळाच्या तासाला आकांक्षा पडली.

गुडघा फुटला. रक्त आलं. सात वर्षांचं लेकरू. तोंडातून काय निघणार?

"आई गं!"

मावशी वीस पावलांवर होती. तिनं बघितलं. आकांक्षाच्या आसपास कोणी नव्हतं. मावशी धावत गेली, तिला उचललं... आणि तिच्या छातीला काहीतरी टोचलं.

आकांक्षाच्या गळ्यात चौकट होती.

पोरगी रडत होती. तोंड वासलेलं, डोळ्यांतून धारा.

आवाज नव्हता.

मावशीनं तिथंच चौकट काढून फेकली. सिस्टरनी उचलली, कपाटात ठेवली, कुलूप लावून किल्ली कमरेला अडकवली. मंगळवारी सकाळी प्रार्थनेला सगळी पोरं रांगेत उभी. आकांक्षाच्या गळ्यात चौकट. सुतळीची गाठ होती तशीच.

सिस्टरनी कमरेची किल्ली चाचपली. चेहरा पांढरा पडला. मग त्या म्हणाल्या, "हू गेव्ह परमिशन टू ओपन माय कबर्ड?"

मोठ्या माणसाला भीती वाटली की तो आधी शिस्तीचं बोलतो.

वसमतला डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, पोरगी दचकलीय. व्हिटॅमिनचं टॉनिक दिलं. मावशीच्या सासूनं, पद्माबाईनं, नातीला मांडीवर घेऊन दोन रात्री काढल्या. "बोल गं बाई. शिव्या दे, पण बोल." आकांक्षा नुसती बघायची. ती झोपेतसुद्धा बोलली नाही. त्या घरात इतकी शांतता कधीच नव्हती.

गावात चौकशी केली तर तीन माणसांनी चार गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला, निजामाच्या काळात तिथं मदरसा होता. दुसरा म्हणाला, गुरांचा कोंडवाडा होता. तिसरा म्हणाला, काहीच नव्हतं, आणि पाच मिनिटांनी म्हणाला, एक पोरगी होती म्हणतात.

तिच्याबद्दल पुढं कोणालाच काही माहीत नव्हतं.

मावशीला एवढंच कळत होतं... चौकट उतरायची रीत एकच आहे. आकांक्षानं कोणाला तरी पकडायचं. पण तिच्या आसपास कोणी मराठी बोलेना. पोरं तिला बघून पळायची. माणिकरावानं तर पोटदुखीची रजा टाकली. आणि पोरगी अशी गुणाची, की कोणी तोंड उघडलं तर स्वतःच कानांवर हात ठेवायची. कोणाला पकडायला नको म्हणून.

घरी मावशी तिच्याशी मराठीच बोलत होती. पण घर मोजत नव्हतं. नियम आवाराच्या आतला.

गुरुवारी पहिल्या तासाला मावशीनं दार लावून घेतलं. आकांक्षाच्या बाकासमोर जाऊन खाली बसली.

"अक्कू," ती म्हणाली.

आकांक्षाचे हात कानांवर.

"अक्कू, कान सोड. ऐक. तू झालीस तवा दवाखान्यात लाईट गेली होती. नर्सला काय दिसंना. तू अशी बोंबललीस, की बाहेर रिक्षावाले उठून बसले. नर्स म्हणली, बाई, दिसत न्हाई पण पोरगी हाय, अन् वकील होणार."

आकांक्षा मान हलवत होती. नाही. नाही. डोळ्यांतून पाणी.

दार वाजलं. खिडकीतून सिस्टर. "मिसेस राणी! व्हॉट इज धिस? इंग्लिश, प्लीज!"

"थांबा जराशा, सिस्टर," मावशी मराठीतच म्हणाली. "मी माझ्या लेकराशी बोलून राहिले."

आकांक्षा हलेना. कान घट्ट दाबलेले. मावशीला कळलं, आईच्या गळ्यात ही काही चौकट घालणार नाही.

मग ती उभी राहिली. साडी नीट केली. पोरीचे दोन्ही हात कानांवरून खाली घेतले आणि वर्गातला आवाज काढला.

"आकांक्षा, स्टँड अप."

पोरगी सवयीनं उभी राहिली.

"टीचर इज स्पीकिंग मराठी. व्हॉट इज द रूल?"

आकांक्षाचे हात सुतळीकडं गेले. टीचरचं कधी मोडलं नव्हतं तिनं. मावशी खाली वाकली... लेकीचा हात गळ्यापर्यंत पोचावा म्हणून.

चौकट गळ्यात पडली.

"आई!" आकांक्षा किंचाळली. "आई, काहून केलं तू असं? आई, बोल ना! बोल ना गं!"

मावशीनं तोंड उघडलं.

त्या दिवसापासून माझी मावशी बोललेली नाही.

मुंबईपर्यंत डॉक्टर झाले. घसा ठणठणीत, म्हणतात. ती शाळेत जात राहिली. चौकट कायम पदराखाली, फळ्यावर लिहून शिकवायची. पोरं तिच्यासमोर जीभ घसरून हजारदा मराठी बोलली असतील. तिनं एकदाही गळ्याला हात लावला नाही. सिस्टर एल्सीची त्या वर्षी दुसरीकडं बदली झाली. जाताना त्या मावशीच्या पाया पडल्या. त्यांच्या जागी आलेल्या सिस्टरना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी मावशीला बेस्ट टीचरचं सर्टिफिकेट दिलं. त्यात लिहिलंय, वर्षभरात या टीचरच्या तोंडून मराठीचा एकही शब्द ऐकला नाही.

ते घरी फ्रेम करून लावलंय. पद्माबाईंनी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं.

२००४ ला शाळा तालुक्याच्या गावी गेली. पत्र्याच्या खोल्या किशनराव पाटलांनी घेतल्या. आता तिथं सोयाबीनची पोती असतात. आकांक्षा शिकायला पुण्याला गेली. ती दर दिवाळीला येते आणि मावशीला तिथं ओढून नेते. "आई, चल आत. मी बोलते मराठीत. घाल माझ्या गळ्यात. निम्मी निम्मी वर्षं वाटून घेऊ." मावशी गेटाच्या आत पाऊल टाकत नाही. दर वर्षी हेच.

२००८ च्या दिवाळीत मी त्यांच्यासोबत होतो.

दुपारचे तीन. त्या दोघी गेटाबाहेर. आकांक्षा बोलतेय, मावशी मान हलवतेय. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. नांदेडच्या मित्राचा. ऊन होतं, म्हणून मी बोलत बोलत व्हरांड्यात सावलीला जाऊन उभा राहिलो. "अरे हो रे, येतो सोमवारी. काहून घाई करून राहिला?" असलंच काहीतरी.

फोन ठेवला. वळून बघितलं.

मावशी आवारात होती. माझ्यापासून तीन पावलांवर. ती आत कधी आली, मला कळलं नाही. मागं आकांक्षा गेटाचा गज धरून उभी, तोंडावर हात.

मावशीचा पदर खाली आलेला. सुतळी तिच्या दोन्ही हातांत. गळ्यातून निम्मी वर काढलेली. आणि ती माझ्याकडं बघत होती... लहानपणी तिनं मला भरवलंय, पण असं कधी बघितलं नव्हतं.

मला "मावशी" म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही.

ती थांबली. सुतळी सोडली. पदर सारखा केला. माझ्या गालावरून हात फिरवला आणि बाहेर निघून गेली.

ती थांबली, हे मी सगळ्यांना सांगतो.

पण ती लगेच नाही थांबली. माझ्याकडं बघत तिनं अजून एक पाऊल टाकलं होतं.