कडेची नारिंगी रेघ

वरच्या काळ्या पाट्याच्या कडेला एक नारिंगी रेघ होती. केसाएवढी बारीक, बोटभर लांब.

"शेंदूर," गुप्ते म्हणाले.

सबनीस रेघ निरखत राहिले. खाजगी तपासाचं काम त्यांचं. घाईनं उत्तर देण्याचं काम त्यांचे मित्र गुप्ते करत.

साल १९४६. चौक गावाबाहेरच्या या कौलारू घरात प्राध्यापक टिपणीस आकाशातून येणारे कण मोजत. खाली एक काळा पाटा, त्यावर कण गेला की वाजणाऱ्या गायगर नळ्यांची चौकट, तिच्यावर तेवढाच दुसरा काळा पाटा.

"वरचा शिशाचा," टिपणीस म्हणाले. "इलेक्ट्रॉन शिशात शिरला की त्यातून कणांचा झोत निघतो आणि सगळ्या नळ्या एकदम वाजतात. मेसॉन हा दुसरा, जड कण; तो सरळ आरपार जातो. अशी ओळख पटते. खालचा पाटा लोखंडी, नुसता बैठकीला."

"बिघडलं काय?"

"दसऱ्याला मी मुंबईला होतो. आलो तर मेसॉन तेवढेच, इलेक्ट्रॉन निम्मेही नाहीत! नळ्या बदलल्या, तारा बदलल्या. उरली ही." त्यांनी सहायिका जया कारखानीसकडे पाहिलं. "आकडे मनानं लिहीत असेल, तर बंगळूरच्या संस्थेला कळवणं भाग आहे. तिथून हिला नोकरीचं बोलावणं आलंय. ही अजून हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही."

जयाचा चेहरा उतरला होता, पण आवाज स्थिर होता. "खोटेच लिहायचे असते, सर, तर तुम्हाला हवे तसे लिहिले असते."

"मग काय आकाशातलेच संपले?" गुप्ते गोंधळून म्हणाले.

सबनीसांनी राखणदार नागूला बोलावलं. "दसऱ्याला इथं कोण होतं?"

"मीच. बाईंना सुट्टी व्हती. खंडेनवमीला समदी हत्यारं पुजतात, मंग ह्येच का ऱ्हावं? मी आन् गजानं उतरवलं, ओल्या फडक्यानं पुसलं, झेंडूचा हार घातला."

"नळ्यांना हात लावलास?" टिपणीस ओरडले.

"चौकट तशीच उचलून ठिवली, सायेब. काय नाय फुटलं."

"खरंय. नळ्या जागच्या जागी होत्या," टिपणीस कुरकुरले.

"गजा कोण?" सबनीसांनी विचारलं.

"माजा जोडीदार. आमी भाताच्या गाड्या भरतो."

"येताना एक कलंडलेली दिसली," गुप्ते हसले. "तुमचीच का रे?"

"नाय ओ! ती पोशीरवाल्यांची. जड पोती वर रचली येड्यांनी. आमची गाडी नाय कलंडायची."

सबनीसांनी नारिंगी रेघेवर बोट घासलं आणि गुप्त्यांना दाखवलं. बोट स्वच्छ होतं.

"चुंबक आहे?"

जयानं दिला. वरच्या पाट्याला तो टक्कन चिकटला. खालच्यावरून घसरून पडला.

"म्हणजे?" गुप्ते.

"शेंदूर बोटाला लागला असता. हा गंज आहे. रंग उडालेल्या कडेत ओल शिरली. आणि शिसं गंजत नाही, गुप्ते. म्हणजे वर लोखंड आहे. त्यातून मेसॉन पूर्वीसारखाच जातो. पण झोत निघतात फार थोडे. दोन्ही पाटे सारखेच काळे. नागूनं ते गाडी भरल्यासारखे रचले. जड खाली."

"जड खालीच घालायचं ना?" नागू घाबरला. "चुकलं का, बाई?"

"नाही रे," जया म्हणाली. "धर इकडून."

दोघांनी शिसं वर चढवलं. सगळे ऐकत उभे राहिले. नळ्या एकदम कडकडल्या. पुन्हा. पुन्हा.

टिपणीस खाली बघत होते. "जया, मी तुझ्याबद्दल भलतंच... आता इथंच राहा. पुढचा शोधनिबंध दोघांच्या नावानं."

"तुम्ही नळ्या बदलल्यात, तारा बदलल्यात. पाटा नाही उचललात, संशय मात्र माझ्यावर घेतलात." तिनं चुंबक टेबलावर ठेवला. "मी बंगळूरला जाते, सर."