सिदूच्या भंगारातलं स्टेअरिंग

दिग्विजय, तो मोबाईल विझव आन् गप ऐक. फिदीफिदी हसायचं आसंल तर घरी जा. ढोकीच्या मुनवर मिस्त्रीचं खरं घडलेलं हाय. त्याच्या उजव्या हातावर घरची चार माणसं जेवायची.

मागल्या डिसेंबरातला गुरुवार. वैजनाथ मास्तर आपली पंधरा वर्षांची जुनी कार घेऊन गॅरेजात आले. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला, स्टेअरिंग दगडावानी जड.

"मुनवरभाई, उद्या सकाळी मंडळीला डायलिसिसला न्यायचंय. गाडी पायजेच."

मुनवरनं बॅटरी बघितली, फ्यूज बघितला, स्कॅनर लावला. स्टेअरिंगखालच्या दांड्यातला, कॉलममधला, सेन्सर मेला हुता. नवा कॉलम यायला आठ दिवस. मग तो सिदूच्या भंगारात गेला. तिथं तसलीच एक ठोकलेली गाडी पडली हुती.

माणूस मेलेल्या गाडीचं इंजन आपले मिस्त्री घेतेत, दारं घेतेत. स्टेअरिंग घेत न्हाईत. सिदूनंही आडवलं.

"मिस्त्री, हिचा डायवर लिंबाच्या झाडावर आदळून मेला. स्टेअरिंगवरचे हात सुटंनात, बोटं मोडून काढला. ऱ्हाऊ द्या."

"सिदू, तू भंगार इक. अक्कल इकू नगं."

कॉलम, स्टेअरिंगला जोर देणारी मोटार, स्टेअरिंग, सगळं एकसाथ बसवलं. दिवा विझला. रात्री पावणेनऊला मुनवर एकटाच ट्रायल घ्यायला कारखान्याच्या रस्त्याला लागला.

पहिल्याच लिंबापाशी स्टेअरिंगनं डावीकडं हिसका दिला. मुनवरला वाटलं, सेन्सर चुकीचं मोजत आसंल, मोटार उगं जोर लावत आसंल. त्यानं गाडी थांबवली, मोटारीचा फ्यूज उपसून खिशात टाकला. आता स्टेअरिंग जड व्हायला पायजे.

ते फुलावानी हलकं झालं.

त्यानं इंजन बंद केलं. चावी काढली.

स्टेअरिंग फिरतच हुतं... लिंबाकडं.

उजव्या हातानं त्यानं ते आवळून धरलं. हात सुटंना. गर्रकन पीळ बसला. कड्. मनगट उलटं झालं. स्टेअरिंग मागं फिरलं... पुन्हा पुढं. कड्. अंगठ्याचं नख उपटलं. रगात काचंवर. शेजारनं उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला. बोंब कोण ऐकतंय...

डाव्या हातात पाना घावला. हाणला. हाणला. आपल्याच बोटांवर हाणला. रबर फाटलं. आतनं कुणीतरी... कण्हलं.

हात सुटला.

सकाळी मास्तरांच्या मंडळीला मुनवरच्या भावानं, इरशादनं, दुसऱ्या गाडीतनं नेलं. कॉलम त्यानंच घणानं फोडला. दीड महिन्यानं दवाखान्यात मुनवरचं प्लास्टर कापलं. हाड जुळलं हुतं. मूठ मात्र वळलेलीच, उघडंना.

डॉक्टर मनगटाकडं बघतच राहिले.

"हे आत्ता कुणी धरलं हुतं?"

प्लास्टरच्या आत, कातडीवर, पाच बोटं उठलेली. लाल. ताजी...