शेकरांनी ठेवलेलं नाव

आंबेकडा पर्वत-उद्यानाच्या प्रयोगशाळेत डॉ. शलाका तिवाटणे त्या नोंदी पुन्हा पुन्हा ऐकत होती. झाडांवर बसवलेलं 'चाहूलयंत्र' प्राण्यांच्या हाका मोजायचं. ज्या वाटाड्याला पाहून प्राणी जास्त ओरडतील, त्याचा परवाना जायचा. चिंधू लोहकरे पर्यटकांना घेऊन चढू लागला की शेकरं हमखास ओरडत. तीस वर्षं हा माणूस त्या डोंगरात वाट दाखवत होता, आणि सोमवारी त्याचा परवाना रद्द व्हायचा होता.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देतोय आपण," ती संचालक हर्डीकरांना म्हणाली. "यंत्र नुसतं ओरडणं मोजतं. बिबट्यासाठी शेकरांची हाक वेगळी, गरुडासाठी वेगळी. चिंधूमामांसाठी जी हाक आहे, ती दुसऱ्या कुठल्याच माणसासाठी नाही. ते त्यांचं नाव आहे, सर."

"पण घाबरूनच घेत असतील तर ते नाव?"

"चला, दाखवते."

चिंधूला करवंदीच्या जाळीआड बसवून शलाकानं उंबराखाली कर्णा ठेवला. आधी गरुडाची हाक वाजवली. शेकरं क्षणात खोडाला चिकटली. मग चिंधूची हाक वाजवली. सगळी पुन्हा फळं खाऊ लागली, आणि एक तर पार खालच्या फांदीवर येऊन इकडेतिकडे बघू लागलं. जाळीआड चिंधूचे डोळे भरून आले.

हर्डीकर मनानं चांगला माणूस. त्यांनी तिथल्या तिथे परवाना कायम केला आणि वर आनंदानं म्हणाले, "ही हाक आपण प्रत्येक पायवाटेवर वाजवू. पर्यटकांना हातभर अंतरावर शेकरू! शनिवारी उद्घाटन. लोहकरे, तुमच्या नावानं रान उघडणार."

"आन् येनारा बरा नसला, तर?" चिंधूनं विचारलं.

"तिकीट काढून येणारी माणसं आहेत हो!"

तिकीट काढून आलेली माणसं चिंधूनं तीस वर्षं पाहिली होती. कुणी शेपटी धरायला धावलेलं, कुणी वेफर्स चारलेले. एकाच्या सॅकमधून तर त्यानं गलोल काढून घेतली होती. शेकरं दूर राहत म्हणूनच निभावलं होतं.

उतरताना तो शलाकाला म्हणाला, "बाई, ती हाक पुसून टाका."

"आता माझ्या हातात नाही, मामा. साहेबांच्या दप्तरी गेली."

थोडं उतरल्यावर त्यानं विचारलं, "मी वंगाळ वागलो, तर दुसरं नाव ठिवतील?"

"नाव तेच राहील. त्या हाकेचा अर्थ एवढाच, की चिंधू आला. चिंधू बरा की वाईट, हे शेकरं तुमच्या वागण्यावरून शिकली. उद्या वेगळं वागलात तर वेगळं शिकतील. पिलंसुद्धा आईचं बघून शिकतात." बोलता बोलता ती थबकली. "मामा, परवाना जाईल तुमचा."

"जाऊंद्या."

शनिवारी पाहुणे जमले. हर्डीकरांनी स्वतः कळ दाबली. चिंधूचं नाव रानभर वाजलं, आणि शेकरं किंचाळत शेंड्यांकडे पळाली. पुन्हा वाजवलं, तर उरलीसुरलीही दिसेनाशी झाली. पाहुणे रिकाम्या फांद्यांकडे बघत राहिले.

"लोहकरे, काय केलंत?" हर्डीकरांनी विचारलं.

"रोज सकाळी दगडं मारली, सायेब." एकही लागू दिला नव्हता, हे तो बोलला नाही. त्यानं छातीवरचा बिल्ला काढून त्यांच्या हातात ठेवला.

शलाका त्याच्यासोबत उतरू लागली. तो पुढे जाईल तसं झाडामागून झाड ओरडत होतं.

"काय म्हनत्यात?" त्यानं विचारलं.

तिला खोटं बोलवेना. "म्हणतात, चिंधू आला, पळा."

"शिकली म्हनायची," तो म्हणाला, आणि वाटेतच दगडावर बसून हमसून हमसून रडला.