नटावरची लाल रेघ

लातूर जिल्हा झाल्यावरचा तो दुसरा उन्हाळा. कचेऱ्यांवर पाट्या नव्या होत्या, पण नळाला पाणी नव्हतं. म्हणून मी आजोबांच्या निजामकाळातल्या विलायती गाडीतून विहिरीचं पाणी आणायची. माझ्या वडिलांना, अप्पांना, मोतीबिंदूमुळे दिसेनासं झालं होतं, स्टिअरिंग माझ्याकडे आलं होतं, आणि सगळा औसा रोड माझ्याकडे बघायचा!

एक दिवस मागून खर्रकन आवाज आला. पेट्रोलची टाकी रस्त्याला घासत होती. नशीब, समोरच एक फॅब्रिकेशनची शेड होती. आत एकजण पाण्याच्या टँकरला वेल्डिंग करत होता. त्यानं गाडीखाली वाकून पाहिलं.

"टाकीचे पट्टे गंजून तुटले. ह्या गाडीचे आता कुठंच मिळायचे न्हाईत. करून देतो."

नाव व्यंकटी, गाव कंधार. त्यानं पेट्रोल काढलं, टाकी उतरवली आणि सुतळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "घट्ट धरा. सोडू नका." त्यानं टाकीला वेढा घालून माप घेतलं, पट्टी वाकवली, आतून सायकलची ट्यूब लावली. सुतळी मी नंतरही बराच वेळ धरूनच होते...

"आठ दिवसांनी एकदा दाखवा. नवा पट्टा बसला की नट ढिला पडतो."

शनिवारी गेले. त्यानं नट आवळला. "आता यायची गरज न्हाई," म्हणाला.

गरज नाही? मला फार राग आला. पुढच्या शुक्रवारी मी डिकीतला पाना काढला, गाडीखाली शिरले आणि नट अर्धा फेरा ढिला केला. माझ्या वेडेपणाची मलाच लाज वाटली, पण केला.

असे चार शनिवार गेले. तो मुकाट्यानं नट आवळायचा. त्याच्या माठात तळाशीच पाणी असायचं, तरी पहिला पेला मला. मग मीही येताना एक कळशी त्याच्या माठात रिकामी करू लागले. बोलणं इतकंच —

"परत ढिला झाला?"

"रस्तेच तसे आहेत."

"हाव, लई खराब रस्ते."

पाचव्या शनिवारी मी सांगून टाकलं, "अप्पांनी गाडी विकली. घेणारे नांदेडचे अमृतराव सोमवारी न्यायला येणार."

तो गाडीखाली गेला तो बाहेरच येईना. सोमवारनंतर इथं यायला मला काय निमित्त उरणार होतं?

तो आला, हात पुसत. "आज नट ढिला न्हाई."

"नाही?"

"शेडच्या पाटीवर 'जि. लातूर' लिवल्यावर लाल रंग उरला होता. नटावरून पट्ट्यापर्यंत सरळ रेघ मारून ठेवली होती, नट फिरला की मोडंल अशी. दर शनिवारी मोडलेली असायची. आज सरळ हाय..." त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मग आलात कशाला?"

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. "तुम्हाला ठाऊक होतं? बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर आला असता का? पर जीव टांगणीला लागायचा. म्हणून दुसऱ्याच फेरीला वरून आणखी एक बोल्ट मारला, तुमच्या हाताला लागणार न्हाई असा. टाकी पडू द्यायची न्हवती... आन् तुमचं येणं बी थांबवायचं न्हवतं."

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. "काल पाना हातात घेतलाच नाही. आज तुम्हाला भेटायलाच आले," मी म्हणाले. "तुम्ही मला आवडता. पुढच्या शनिवारी चालत येईन. अप्पांना सांगून येईन."

त्यानं हातातलं फडकं झटकून खांद्यावर टाकलं. "चालत कशाला? मी येतो न्यायला. सायकल हाय माझी. अप्पांशी मीच बोलतो."

"सायकलचे नट घट्ट आहेत ना?"

"हायेत," तो म्हणाला. "पाना तेवढा घरी ठेवा."